बेट शंखोद्धाराचा जुना नकाशा हाती आला तर

गायकवाडी राज्याचे बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटक पसरलेले होते, आणि त्यांतही सर्वांत दूरचा तुकडा म्हणजे सौराष्ट्राच्या पश्चिम टोकावरचे ओखामंडळ. ओख्यासमोरच्या खाडीपलीकडे बेट शंखोद्धार, म्हणजेच आजचे बेट द्वारका, आहे. १८१७ च्या तहाने ओखामंडळ गायकवाडांकडे आले आणि १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. या काळात महसूल, फौज, देवस्थानांची व्यवस्था, बांधकाम अशा कामांवर बडोद्याची मराठी माणसे तिकडे गेली. म्हणूनच बडोद्यातल्या एखाद्या जुन्या घरात, सनदा आणि हिशेबांच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरात, या बेटाचा घडी घातलेला नकाशा निघणे अशक्य नाही. असा नकाशा प्रथमच पाहणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

हा नकाशा दुर्मीळ का, हे आधी समजून घ्यावे. दीव हेही याच किनाऱ्यावरचे बेट आहे. पण १५३८ आणि १५४६ च्या वेढ्यांमुळे त्याचे नाव युरोपात गाजले, आणि ब्राउन व होगेनबर्ग यांच्या १५७२ पासून निघालेल्या नगरचित्रसंग्रहापासून पुढे त्याची चित्रे आणि नकाशे अनेकदा छापले गेले. बेट शंखोद्धार कोणत्याही युरोपीय सत्तेची राजधानी किंवा वखार नव्हते. त्याचे नकाशे प्रामुख्याने तीन गरजांतून निघाले: जहाजांना खडक आणि खोली कळावी म्हणून, फौजेला किल्ला घेता यावा म्हणून, आणि संस्थानाला जमीन, पाणी व धक्के यांची व्यवस्था लावता यावी म्हणून. पहिल्या प्रकारचे नकाशे छापून विकले जात. उरलेल्या दोन प्रकारांच्या बहुधा मोजक्याच प्रती तयार होत आणि त्या कचेरीतच राहत. आपल्या हातातला नकाशा या तिन्हींपैकी कोणत्या कामासाठी काढला होता, हा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर ठेवावा. एकाच बेटाची तीन वेगळी रूपे या तीन प्रकारांत दिसतात, आणि काढणाऱ्याचा हेतू न कळता केलेले वाचन हमखास चुकते.

उघडण्यापूर्वी

घडी घातलेला कागद कडक झाला असेल, तर तो जोर लावून उलगडू नये. जुन्या कागदाला सर्वांत मोठी इजा घडीच्या रेषेवरच होते, आणि कोरडा पडलेला कागद तेथे एका क्षणात तुटतो. घडी सहज उघडत नसेल तर ती तशीच ठेवावी आणि कागदसंवर्धकाची वाट पाहावी. उघडत असेल तर मोठे, स्वच्छ, कोरडे टेबल घ्यावे, त्यावर पांढरा टीपकागद अंथरावा आणि धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या हातांनी काम करावे. सुती हातमोज्यांत बोटांना कडा जाणवत नाहीत आणि फाटलेला भाग मोज्यात अडकतो. त्यामुळे कागदासाठी स्वच्छ हातच बरे. जवळ शाईचे पेन, चहा किंवा पाणी ठेवू नये. टिपणासाठी फक्त शिसपेन्सिल वापरावी, आणि तीही नकाशावर टेकवू नये. बडोद्यातील पावसाळी दमट दिवस या कामासाठी टाळावेत.

पुढचे कोणतेही पाऊल उचलण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. कडेला मोजपट्टी ठेवावी. एक छायाचित्र समोरच्या प्रकाशात आणि एक अगदी तिरप्या, कागदाला जवळजवळ समांतर येणाऱ्या प्रकाशात घ्यावे. तिरप्या प्रकाशात दाबाच्या खुणा, खोडलेली अक्षरे आणि टाचणीची भोके उठून दिसतात. पाठीमागची बाजू नवखे लोक नेहमी विसरतात. कचेरीचा शिक्का, जावक क्रमांक, रुमालाचा क्रमांक, जुन्या मालकाचे नाव, विकत घेतल्याची किंमत, हे सारे बहुतेक वेळा पाठीवरच असते.

चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे, कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापणे आणि पाठीला पुठ्ठा डकवणे या चार गोष्टी कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नयेत. यांतली प्रत्येक गोष्ट नकाशाचा पुरावा कायमचा नष्ट करते. हा नियम मी सर्वांत वरचा मानतो, कारण बाकीच्या चुका पुढे दुरुस्त होऊ शकतात.

कागद काय सांगतो

नकाशा खिडकीच्या उजेडासमोर हलकेच धरावा, किंवा कागद नाजूक असेल तर त्याखाली मंद प्रकाशाची पाटी ठेवावी. जुन्या युरोपीय हातकागदात साच्याच्या तारांच्या बारीक, जवळजवळच्या रेषा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, सुमारे २५ मिलिमीटर अंतरावरच्या ठळक रेषाही दिसतात. अशा रेषा नसलेला एकसारखा कागद जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीतून १७५७ च्या सुमारास प्रथम वापरात आला आणि एकोणिसाव्या शतकात तो सर्वत्र पसरला. म्हणून सतराव्या शतकातला म्हणून दाखवलेला नकाशा रेषाविरहित कागदावर असेल, तर तो मूळ नव्हे.

जलचिन्हात साल आढळले तर ते फार उपयोगी पडते. १७९४ च्या इंग्लंडमधील कायद्यानुसार निर्यात कागदावरील कराची सूट मिळवण्यासाठी कागदात साल असणे आवश्यक झाले, त्यामुळे त्यानंतर हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजी कागदात सालाचे जलचिन्ह वारंवार दिसते. मात्र ते साल कागदाचे आहे. नकाशा त्याआधीचा असू शकत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. किती नंतरचा आहे, हे दुसऱ्या खुणांवरून ठरवावे लागते.

देशी कागदाची ओळख वेगळी आहे. अहमदाबाद, जुन्नर, दौलताबाद येथील कागद्यांचा कागद गवताच्या चटईवर उचललेला असे आणि पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला असे. तिरप्या प्रकाशात घोटणीची चमक पट्ट्यांसारखी दिसते. संस्थानी कचेरीत हाताने काढलेला नकाशा अशा कागदावर असण्याचा संभव मोठा. त्यानंतरच्या काळात, विशेषतः बांधकाम खात्यात, निळसर झाक असलेले तलम ट्रेसिंग कापड आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या ब्लूप्रिंट येतात. ट्रेसिंग कापडाला खळ दिलेली असते. त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी खळ सुटते आणि रेषा जातात. ते ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा.

रेषा कशी उमटली

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि बेटाच्या किनाऱ्याची रेषा सावकाश पाहावी. रेषेऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक छपाईची प्रत आहे आणि तपास तेथेच थांबतो. ठिपके नाहीत म्हणून नकाशा मूळ आहे, असे मात्र समजू नये. काही प्रतिकृती ठिपक्यांशिवायही छापल्या जातात.

ताम्रपटावरून, म्हणजे तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून, छापलेल्या नकाशाच्या चौकटीबाहेर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो आणि रेषेवरची शाई बोटाला किंचित उंच लागते. शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, सपाट असते, तिला असा दाब नसतो. ती पद्धत अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी निघाली, त्यामुळे शिळाछाप नकाशा त्याआधीचा नसतोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्रण पद्धतीने नकाशे छापले जाऊ लागले. चौकटीखाली पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरीचे नाव असेल, तर नकाशा त्या काळातला किंवा त्यानंतरचा आहे.

हाताने काढलेल्या नकाशात रेषेच्या आरंभी आणि शेवटी शाई साचलेली दिसते, रेषेची जाडी बदलते. जुन्या काळ्या शाईत लोह असे. ती काळाने तपकिरी होते आणि कधी कागद खाऊन टाकते. ताम्रयुक्त हिरवा रंगही असाच कागद जाळतो, आणि त्याची तपकिरी छाया पाठीवर उमटते. समुद्राची कड किंवा झाडी हिरव्या रंगात असून पाठीवर अशी छाया असेल, तर तो रंग जुना असल्याचे ते चांगले लक्षण आहे. किनाऱ्याच्या वळणांवर टाचणीची बारीक भोके असतील, तर नकाशा दुसऱ्या नकाशावरून टोचून उतरवला आहे किंवा यावरून दुसरा उतरवला गेला आहे. दोन्ही शक्यता टिपून ठेवाव्यात.

मजकूर, सन आणि माप

आता वाचनाला बसावे. यालाच सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका याच पायरीवर होतात.

लिपी पाहावी. गायकवाडी कारभारात मोडी मराठी आणि गुजराती दोन्ही चालत असत, आणि एकाच नकाशावर दोन हातांचे लेखन असणे स्वाभाविक आहे. मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नये. अक्षरांचे मोठे छायाचित्र मोडी जाणणाऱ्याला दाखवावे. कोणती नावे मूळ शाईत आहेत आणि कोणती नंतरच्या वेगळ्या शाईत, याची स्वतंत्र यादी करावी.

सन दिला असेल तर तो कोणत्या कालगणनेचा, हे आधी ठरवावे. शकाच्या आकड्यात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करतात, पण येथे एक खोच आहे. गुजरातेत संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, तर कच्छ आणि हालारात, म्हणजे जामनगरच्या मुलखात, तो आषाढात, म्हणजे चार महिने आधी बदलतो. ओखामंडळ हालारला लागून आहे. त्यामुळे ऑक्टोबर १८५९ च्या पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या नोंदीवर कार्तिकी गणनेने संवत १९१५ असेल आणि आषाढी गणनेने १९१६ असेल, आणि दोन्ही बरोबर असतील. याच महिन्यात इंग्रजांच्या फौजेने आणि जहाजांनी वाघेर या ओखामंडळातल्या स्थानिक जमातीच्या ताब्यातल्या बेटच्या किल्ल्यावर हल्ला केला होता, त्यामुळे एका वर्षाचा हा घोळ निष्काळजीपणे सोडवला तर लढाईपूर्वीचा नकाशा लढाईनंतरचा ठरतो. लेखक बडोद्याचा कारकून होता की स्थानिक मेहता, यावरून गणनेचा अंदाज येतो. महिना आणि तिथी दिली असेल तर तो पक्का करता येतो.

रेखांश असतील तर शून्य कोठे धरले आहे, हे पाहावे. ग्रीनिचचे मध्यान्हवृत्त आंतरराष्ट्रीय परिषदेत १८८४ मध्ये मान्य झाले. त्याआधी फ्रेंच नकाशाकार पॅरिसपासून मोजत आणि अनेक युरोपीय नकाशे कॅनरी बेटांतल्या फेरोपासून मोजत. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे २ अंश २० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि फेरो रूढीने पॅरिसच्या पश्चिमेस २० अंश धरले जाई. बेट द्वारका ग्रीनिचपासून सुमारे ६९ अंश ७ कला पूर्वेस आहे. म्हणून तेच बेट पॅरिसपासून मोजलेल्या नकाशावर सुमारे ६६ अंश ४७ कलांवर आणि फेरोपासून मोजलेल्या नकाशावर सुमारे ८६ अंश ४७ कलांवर यायला हवे. कडेवरचा आकडा या तिन्हींपैकी कशाजवळ आहे हे पाहिले की शून्यरेषा कळते. उरलेला फरक जुन्या मोजणीचा दोष असतो. अक्षांश सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून बऱ्यापैकी अचूक काढता येत असे. समुद्रावर रेखांश मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अचूक सागरी घड्याळे येईपर्यंत अंदाजाचाच विषय होता. त्यामुळे अक्षांश २२ अंश २७ कलांच्या जवळ असूनही रेखांश पुष्कळ चुकला असेल, तर तो जुनेपणाला अनुकूल असा पुरावा समजावा.

प्रमाण तपासताना शब्दांत किंवा आकड्यांत दिलेल्या प्रमाणापेक्षा नकाशावर काढलेल्या मापपट्टीवर विश्वास ठेवावा. ताम्रपटाची छपाई ओल्या कागदावर होत असे आणि कागद वाळताना आक्रसे. मापपट्टीही त्याच्याबरोबर आक्रसल्याने तिचे प्रमाण टिकून राहते. मापपट्टीवर सागरी लीग असतील तर बहुधा एका अंशाला २० लीग, म्हणजे एका लीगला सुमारे साडेपाच किलोमीटर, असा हिशेब असतो. जमीनमोजणीच्या नकाशात साखळी, एकर, गुंठे किंवा विघा आणि वसा येतात. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत आणि तिच्या चौरसाला गुंठा म्हणत. असे ४० गुंठे मिळून एकर होतो.

समुद्रातले आकडे सहसा खोलीचे असतात आणि जुन्या इंग्रजी नकाशांत ते वावांत, म्हणजे सहा फुटांच्या मापात असतात. बारीक फुल्या खडकांच्या, ठिपके वाळूच्या दांड्यांचे आणि नांगराची खूण जहाज थांबण्याच्या जागेची असते. ज्या नकाशात खाडीतल्या खोलीचे आकडे दाट आहेत आणि बेटाच्या पोटात जवळजवळ काहीच नाही, तो नकाशा खलाशासाठी काढलेला आहे. बेटावर वस्ती नव्हती, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे होईल.

काय दाखवले आहे आणि काय नाही

ओख्याचे नवे बंदर १९२६ मध्ये सुरू झाले; ते दिसत असेल तर नकाशा त्यानंतरचा किंवा त्याच्या आखणीच्या काळातला. मिठापूरचा रसायन कारखाना १९३९ चा. हद्दीवर गायकवाडांचे नाव असेल तर १९४९ पूर्वीचा, गुजरात राज्य लिहिले असेल तर १९६० नंतरचा, आणि देवभूमी द्वारका जिल्हा लिहिला असेल तर २०१३ नंतरचा. ओखा आणि बेट यांना जोडणारा सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा सुदर्शन सेतू २०२४ मध्ये खुला झाला. त्याआधी सर्व ये-जा नावेने होई, म्हणून जुन्या नकाशात उतरण्याचे धक्के कोठे आहेत, याला फार महत्त्व आहे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. जुना ताम्रपट किंवा शिळा पुन्हा पुन्हा छापली जात असे, आणि प्रकाशक नवी वस्तू न भरता फक्त शीर्षक बदलत. उलट नौदलाच्या नकाशांत मूळ प्रकाशनाचे साल तसेच ठेवून पुढील दुरुस्त्यांच्या तारखा खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. शीर्षकातले साल, कागदाचे साल, छपाईची पद्धत आणि नकाशातील वस्तू या चार साक्षी वेगवेगळ्या नोंदवाव्यात आणि मग त्या कोणत्या काळात एकत्र बसतात, ते पाहावे. एकाच साक्षीवरून निकाल देऊ नये.

किनाऱ्याचा आकार हा सर्वांत फसवा पुरावा आहे. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. ओहोटीला प्रवाळाचे खडक, चिखलाचे पट्टे आणि तिवरांची मुळे उघडी पडतात, भरतीला ती पाण्याखाली जातात. एका मोजणीदाराने ओहोटीची कड घेतली आणि दुसऱ्याने भरतीची, तर बेट द्वारकेचा आधीच वाकडातिकडा असलेला आकार दोन नकाशांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. जुन्या नकाशात बेट मोठे दिसते म्हणून समुद्राने जमीन गिळली, असे घाईने लिहू नये. किनाऱ्याची धूप येथे खरोखर झालेली आहे, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकापासून द्वारका आणि बेट द्वारका परिसरात केलेल्या शोधात तिचा विचार झाला आहे. पण ती सिद्ध करायला नकाशाच्या रेषेहून भक्कम पुरावा लागतो.

बेटावरची माणसे

बेटाच्या नकाशात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या विहिरी. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जमिनीवर गोडे पाणी कोठे लागते, यावर वस्ती कोठे होते हे अवलंबून असते. म्हणून पहिल्यांदा विहिरी आणि तलाव शोधावेत, मग वाटा, मग घरांचे पुंजके, मग देवळे, दर्गे, धक्के, होड्या ओढून ठेवण्याच्या जागा आणि स्मशाने. द्वारकाधीशाचे मंदिर, शंख तलाव, पूर्व टोकाकडची हनुमान दांडी, पीराचा दर्गा, बालापूरचा किनारा ही नावे आजही बोलली जातात, आणि जुन्या नकाशातल्या वेगळ्या वर्णलेखनातून ती ओळखता येतात.

त्यानंतर कोणाला नाव दिले आहे आणि कोणाला नाही, हे पाहावे. यात्रेकरूंसाठी काढलेल्या नकाशात देवळे मोठी आणि मच्छीमारांची घरे गायब असतात. लष्करी नकाशात किल्ल्याचे बुरूज आणि तोफांच्या जागा काटेकोर असतात, पण त्याच किल्ल्याच्या आसऱ्याने राहणारी घरे रिकाम्या जागेत विरून जातात, आणि वाघेर लोक फक्त शत्रू म्हणून येतात. १८५८-५९ चा वाघेरांचा उठाव गायकवाडी कारभाराविरुद्धही होता. बडोद्याच्या मराठी वाचकाने ही गोष्ट विसरून नकाशा वाचू नये, कारण आपल्या पूर्वजांनी काढलेल्या नकाशातही तीच दृष्टी असण्याची शक्यता आहे. महसुली नकाशात शेत आणि खातेदार येतात. शंख काढणारे, जाळी विणणारे आणि जहाजांवर जाणारे लोक त्यात येत नाहीत, कारण त्यांच्यावर जमिनीचा सारा नव्हता.

या किनाऱ्यावरच्या लोकांचे स्वतःचेही नकाशे होते. जहाजाची वाट सांगणाऱ्याला येथे मालम म्हणतात, आणि मालमांच्या पोथ्यांत बंदरे, दिशा आणि अंतरे लिहिलेली असत. एका कच्छी मालमाचा तांबड्या समुद्राचा आणि एडनच्या आखाताचा नकाशा अलेक्झांडर बर्न्स यांच्या हाती आला आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे गेला. त्यामुळे हाताने काढलेला, उत्तर दिशा वर नसलेला, प्रमाण न पाळणारा नकाशा हाती आला तर तो कच्चा किंवा अडाणी समजून बाजूला टाकू नये. त्यात अंतर प्रहरांत मोजलेले असू शकते, आणि किनारा समुद्रावरून जसा दिसतो तसा काढलेला असू शकतो.

नावे न जुळल्यास नकाशाची मोठी प्रत घेऊन बेटावर जावे. मूळ नकाशा कधीही नेऊ नये. वयस्क नाखवे, तांडेल आणि पुजारी यांना खडकांची, वळणांची आणि जुन्या धक्क्यांची नावे विचारावीत. आपण आधी नाव वाचून दाखवू नये. बोट ठेवून याला काय म्हणतात, एवढेच विचारावे. आधी नाव सांगितले की समोरचा माणूस सौजन्याने होकार देतो आणि माहिती दूषित होते.

बडोद्यात कोठे विचारावे

रावपुऱ्यातील कोठी इमारतीत संस्थानाचे दप्तर सांभाळणारी राज्य अभिलेखागाराची कचेरी आहे. नकाशाच्या पाठीवरचा जावक क्रमांक किंवा खात्याचे नाव सापडले असेल, तर तेथे त्याच खात्याच्या दप्तरात नकाशासोबतचा पत्रव्यवहार शोधता येतो. नकाशा एकटा जितके सांगतो, त्याच्या कितीतरी पट तो पत्रव्यवहार सांगतो. जाताना ओळखपत्र, उद्देश सांगणारे पत्र आणि नकाशाची छापील छायाचित्रे न्यावीत. महाराज सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, पुरातत्त्वाचा विभाग आहे, आणि हस्तलिखितांसाठी ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. सयाजीबागेत बडोदे संग्रहालय आणि चित्रदालन आहे. प्रत्येक ठिकाणी एकच नेमका प्रश्न घेऊन जावे. हा नकाशा काय आहे, असा मोघम प्रश्न विचारण्याऐवजी हा कागद कोणता, हा शिक्का कोणत्या खात्याचा, असे विचारले तर उत्तर मिळते.

तयार नकाशा विकत घेण्याचा विचार असेल, तर विक्रेत्याला तो कोठून आला हे विचारावे आणि पावतीवर वर्णनासह लिहून घ्यावे. पाठीवर सरकारी दप्तराचा शिक्का असून तो रद्द केल्याची खूण नसेल, तर पैसे देण्याआधी त्या कचेरीकडे चौकशी करावी. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू, आणि ऐतिहासिक मूल्याचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज असल्यास किमान ७५ वर्षे जुना, पुरावशेष ठरतो. असा नकाशा खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या नातलगाला भेट म्हणून पाठवणेही यात येते. वयाबद्दल शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी निर्णय घ्यावा.

जतन आणि प्रत

नकाशा गुंडाळून ठेवू नये, सपाट ठेवावा. आम्लरहित जाड कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात तो टिकतो. मात्र भुकटीसारखा निघणारा रंग किंवा कोळशाच्या रेषा असतील तर पॉलिएस्टर टाळावे, कारण त्यावरची स्थिर वीज कण ओढून घेते. वर्तमानपत्र, तपकिरी पुठ्ठा आणि लाकडी फळीचा थेट स्पर्श नको. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा आतल्या भिंतीकडची जागा निवडावी आणि पावसाळ्यानंतर एकदा कसर व बुरशी तपासावी. भिंतीवर लावायची असेल तर प्रत लावावी.

प्रत तयार करण्यासाठी कागद ओढून घेणारे स्कॅनर वापरू नयेत. वरून छायाचित्र घेणारी किंवा सपाट काचेची पद्धत घ्यावी, आणि इंचाला किमान ४०० बिंदू ठेवावेत. अशी प्रत क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत आजच्या नकाशावर बसवता येते. त्यासाठी दोन्ही नकाशांत एकच असलेली ठिकाणे निवडावी लागतात. मंदिराचे शिखर, किल्ल्याचा बुरूज, खडकाचे टोक, जुना तलाव ही चांगली. वाळूची कड, चिखलाचा पट्टा आणि तिवरांची सीमा अजिबात नको. चार ठिकाणे ही कमीत कमी संख्या समजावी, आठ-दहा मिळाली तर उत्तम, आणि ती बेटाच्या एकाच टोकाला गोळा झालेली नसावीत. संगणक प्रत्येक ठिकाणाची चूक मीटरमध्ये दाखवतो. ती चूक लपवू नये, नोंदीत लिहावी, कारण कोणत्या भागात चूक वाढते यावरून मोजणीदार कोठे स्वतः गेला होता आणि कोठे लांबून पाहून रेषा काढली, हे बऱ्याचदा उघड होते.

शेवटी एका पानाची नोंद करावी. चौकटीची आणि पूर्ण कागदाची उंची व रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची आधी. शीर्षक जसेच्या तसे, मूळ लिपीत. कागद, जलचिन्ह, छपाई किंवा हस्तलेखन. शाई आणि रंग. शून्यरेषा व प्रमाण. फाटलेले आणि डागाळलेले भाग. पाठीवरचे शिक्के व क्रमांक. घरात नकाशा कोणाकडून कोणाकडे आला याची माहिती, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. आणि ठरवलेला काळ, त्याच्या आधारांसह. ही नोंद व प्रत नकाशाबरोबर ठेवावी, दुसरी प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवावी, आणि ज्या बेटकरांनी नावे सांगितली त्यांनाही एक छापील प्रत पाठवावी.